शिवणीचे दोन तुकडे आणि चिमीचे शब्द : प्रकल्प नोंदी

१० जून २०२४, सोमवार

कारखान्यात ३४ वर्षं शिफ्ट संपली की लॉगबुक भरायची सवय. निवृत्तीनंतर भरायला काही उरलं नव्हतं. आज सापडलं.

सकाळच्या चहाला वाद झाला. नात (घरातलं नाव चिमी, काल नऊ महिने पूर्ण) खिडकीतून गल्लीतल्या कुत्र्याकडे बघत होती. सौ. म्हणाली, "भू भू बघ, भू भू." चिरंजीवांनी लॅपटॉपमधून मान वर न काढता सांगितलं, "आई, तिच्याशी नीट बोल गं. कुत्रा म्हण. नाहीतर तिला सगळं दोनदा शिकावं लागेल." सौ.ने कपबशी जरा जोरातच ठेवली. सूनबाई वाचाउपचारतज्ज्ञ, उशिरा बोलणाऱ्या मुलांबरोबर काम करते, म्हणून निकाल तिच्याकडे गेला. "भू भू चालेल. उलट बरंच आहे," म्हणाली आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेली. कारण सांगितलंच नाही. म्हणून ही वही.

नियम ठरवले. चिमीने एखादा आवाज तीन वेगवेगळ्या दिवशी, एकाच गोष्टीसाठी, कोणी आधी म्हणून न दाखवता काढला तरच तो शब्द. जसा ऐकू येईल तसा लिहायचा, सुधारून नाही. "बाळ किती गोड" छापाची वाक्यं वहीत नकोत. ती सौ. फोनवर बहिणीला सांगतेच.

१३ जून

आधी गोदामातला माल मोजू. आम्ही मोठी माणसं जे शब्द फक्त चिमीशी वापरतो, ते दोन दिवस कान देऊन उतरवले : मंमं, दुदू, भू भू, माऊ, चिऊ, काऊ, हम्मा, भुर्र, हा, बाऊ, शी, शू, गाई, पापा, टाटा. भू भू, माऊ, चिऊ, काऊ, हम्मा ही सरळ नक्कल. 'हा' म्हणजे गरम, आणि तो म्हणताना आपण खरंच तोंड पोळल्यासारखा श्वास सोडतो. भुर्र हा पाखराच्या पंखांचा आवाज, पण चिमीच्या हिशेबी त्याचा अर्थ आजीच्या कडेवर बसून बाहेर जाणे एवढाच. बाऊ म्हणजे लागलेलं, दुखलेलं. त्यात मला नक्कल दिसेना. गाई म्हणजे झोप, तिथेही नाही.

रात्री यादी सूनबाईला दाखवली तर म्हणाली, "बाबा, हे काम ६० वर्षांपूर्वी झालंय." डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकवणारे अशोक केळकर यांनी १९६४ साली 'वर्ड' नावाच्या नियतकालिकात मराठी बाळबोलीवर सबंध लेख लिहिला होता. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने सहा भाषांतली बाळबोली शेजारी शेजारी मांडली : सिरियातली अरबी, मराठी, कोमांची, गिल्याक, इंग्रजी, स्पॅनिश. एकमेकांशी संबंध नसलेल्या या भाषांत बाळाशी बोलायचे शब्द एकाच साच्यातले निघाले. छोटे, एकच अक्षर दोनदा, ओठांवर होणारे आवाज भरपूर, जोडाक्षरं जवळपास नाहीत. आणि मला चकित करणारी गोष्ट ही, की हे शब्द बाळं तयार करत नाहीत. मोठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या ते पुढे देतात, लग्नातल्या पितळी भांड्यांसारखे. म्हणजे मंमं हा चिमीचा शब्द नव्हे. माझ्या आजीचा.

कसबा पेठेत जन्म गेला आणि येरवड्याच्या डेक्कन कॉलेजातल्या माणसाने माझ्या आजीची भाषा कागदावर आणली होती हे आज कळलं.

१६ जून

मंमंचं आणखी थोडं. रोमान याकोबसन या भाषावैज्ञानिकाने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या लेखात विचारलं, की जगभर आईसाठीच्या शब्दांत 'म' एवढा का? त्याचं उत्तर : दूध पिताना बाळाचं तोंड बंद, त्या वेळी नाकातून जो आवाज निघू शकतो तो 'म'च्या जवळचा. पुढे भूक लागली की बाळ तोच आवाज काढतं, आणि जी बाई धावून येते ती समजते की मलाच हाक मारली. आपल्याकडे तो आवाज आईऐवजी भाताला चिकटला. आई बिचारी 'आई' राहिली.

डार्विननेही पोराच्या जन्मापासून टिपणं ठेवली होती आणि १८७७ साली ती छापली. त्याच्या मुलाने बरोबर एक वर्षाचा असताना खाण्यासाठी स्वतः शब्द काढला : 'मम'. सौ.ला वाचून दाखवलं. "मग? भूक लागल्यावर दुसरं काय म्हणणार," म्हणाली. पुढे त्या पोराने साखरेला 'शू-मम' नाव दिलं. हे ऐकून मात्र ती पदर तोंडाला लावून हसत स्वयंपाकघरात गेली.

२१ जून

आज लेथवर बसलो. जिन्याखालच्या खोलीत लाकूडकामाचा छोटा लेथ आहे, त्यावर मी भोवरे, लाटणी, खुळखुळे करतो. शिवणीच्या लाकडाची फळी होती. दोन तुकडे केले, दोन्ही १४ मिमी जाड, व्यास ७० मिमी, वजन होता होईल तो सारखं. एक ढगासारखा, कडा गोलाईच्या. दुसऱ्याला सात टोकं, चांदणीसारखी. ती कानसून, मग झीरो पेपर मारून बोथट केली. रंग नाही, पॉलिश नाही, फक्त खोबरेल चोळलं, कारण दोन्ही आधी तोंडातच जाणार.

हा खेळ जुना आहे. वोल्फगांग कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२९ साली पुस्तकात अशा दोन आकृत्या छापून विचारलं, यातली 'टकेटे' कोणती आणि 'बलुबा' कोणती? पुढे १९४७च्या आवृत्तीत त्याने बलुबाचं 'मलुमा' केलं. जवळपास सगळे टोकेरी आकृतीला टकेटे म्हणतात. २००१ साली व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी नावं बदलून 'बुबा' आणि 'किकी' केली आणि ९५ टक्के लोक गोल आकाराला बुबा म्हणतात असं लिहिलं, तेव्हापासून सगळीकडे याच नावाने ओळखतात. कारण त्यांनी असं दिलं, की 'कि' म्हणताना जीभ टाळूला झटक्यात टेकते, 'बू' म्हणताना ओठ गोल होतात, आणि मेंदू तोंडातली ही हालचाल डोळ्यांना दिसणाऱ्या आकाराशी जुळवून घेतो. १९२९ सालीच एडवर्ड सपीरने 'मिल' आणि 'मल' ही दोन टेबलांची नावं सांगून मोठं टेबल कोणतं विचारलं होतं. बहुतेकांनी मल म्हटलं. 'आ'ला जबडा उघडतो, म्हणून मोठं. याला ध्वनिप्रतीकत्व म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट साधी.

२३ जून

सकाळच्या फिरण्याच्या मंडळींवर चाचणी. सारसबागेच्या कट्ट्यावर तुकडे ठेवले. सगळ्यांनी गोल तुकड्याला बुबा म्हटलं, एकाला सोडून. ते म्हणाले, "बुबा हे माणसाचं नाव वाटतं, आणि हा टोकेरी जरा माणसासारखा दिसतो." निवृत्त पोस्टमास्तर आहेत. त्यांच्याशी वाद घालत नाही.

घरी येऊन मराठी शब्द तपासले. टोक, टोचणे, टाचणी, काटा, खिळा, कट्यार, तिखट : बाजू भक्कम. गोल, गोळा, लाडू, भोपळा, बांगडी : हेही बरोबर. मग उलटे आठवायला लागले. बाण आणि भाला मऊ ओठांचे, पण टोचतात. सुई तर लोण्यासारखी. आणि टक्कल! दोन-दोन कडक अक्षरं, आणि वस्तू जगातली सर्वांत गुळगुळीत. माझ्याच डोक्यावर अपवाद घेऊन फिरतोय.

सूनबाईने आणखी भर घातली. १९७५ साली पापुआ न्यू गिनीतल्या साँगे लोकांवर टकेटेचा प्रयोग फसला होता. २०१७ साली नेपाळातल्या स्युबा बोलणाऱ्यांवर बुबा-किकीही चालला नाही, बहुधा तसे शब्द त्यांच्या भाषेच्या घडणीत बसतच नाहीत म्हणून. मग २०२२ साली २५ भाषा बोलणाऱ्यांवर मोठा प्रयोग झाला, त्यात एकूण ७२ टक्के उत्तरं अपेक्षेप्रमाणे आली. रोमन लिपीतला 'के' टोकेरी आणि 'बी' गोलमटोल दिसतो म्हणून लोक तसं म्हणत असतील, ही शंका वेगवेगळ्या लिप्या घेतल्यामुळे बरीच मिटली. आपला 'क' तर 'ब'पेक्षा गोल आहे, हे मी तिला सांगितलं. तिने मान डोलावली. तिला माहीत होतं.

३० जून

पालख्या पुण्यात. गर्दीमुळे काम नाही. चिमी टाळांच्या आवाजाला अंगठा चोखायची थांबली. नोंद एवढीच.

७ जुलै

आवाजाशी जुळणारे शब्द बाळाला आधी कळतात, या सिद्धांताला पहिला धक्का. "पंखा कुठाय?" विचारलं की चिमी मान वर करून पंख्याकडे बघते. तीनदा खात्री केली. पंखा बंद ठेवून, दुसऱ्या खोलीत नेऊन, सौ.कडून विचारून. कळतं. तोंडून अजून एक शब्द नाही, पण हा कळतो.

२०१२ साली एलिका बर्गलसन आणि डॅनियल स्विंगली यांनी दाखवलं, की सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना खाण्याचे आणि अवयवांचे काही शब्द कळतात. बोलायला वर्ष लागतं, कळणं आधीच सुरू असतं. मला त्रास दुसराच. 'पंखा' शब्दात गरगर नाही, भिरभिर नाही, वारा नाही. आवाजाचा काडीचा आधार नसताना तो आधी पोचला कसा? सौ. म्हणाली, "अहो, दिवसातून ५० वेळा विचारता तिला. रडली की पंखा, जेवत नाही की पंखा." याला उत्तर नाही.

२५ जुलै

रात्रभर पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडलंय, नदीकाठच्या सोसायट्यांत पाणी शिरलंय, सिंहगड रोडवरचा साडू सकाळी कपड्यांची पिशवी घेऊन आमच्याकडे आला. वीज नाही. कोणाला कुठे जायचं नाही म्हटल्यावर मोठी चाचणी घेतली. चिमी सौ.च्या मांडीवर, समोर ताटात दोन्ही तुकडे, मी विचारणार, "टकेटे कुठाय?" किंवा "बुबा कुठाय?" ती आधी कुठे बघते ते साडू लिहिणार.

१२ पैकी नऊ बरोबर. मी इतका खूश झालो की सौ.ला अंधारात चहा करायला लावला.

संध्याकाळी सूनबाईने साडूच्या मोबाइलवरचं चित्रण बघितलं आणि थांबवून मला दाखवलं. "बाबा, टकेटे म्हणताना तुमच्या भुवया बघा." टकेटे म्हणताना मी भुवया आवळून टोकेरी तुकड्याकडे झुकतो आणि बुबा म्हणताना गाल फुगवून दुसरीकडे. शिवाय टोकेरी तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत उजवीकडेच. चिमी लाकडाकडे नव्हे, माझ्या तोंडाकडे बघून उत्तर देत होती. एका वेळी एकच सेटिंग बदलायचं, हे मी ३४ वर्षं शिकाऊ पोरांना शिकवलं. एकाला तर त्यावरून रडवलं होतं.

प्रयोगशाळेत असं करत नाहीत, तिने सांगितलं. आवाज स्पीकरमधून येतो, मांडीवरच्या आईला काही ऐकू येऊ देत नाहीत किंवा डोळे मिटायला लावतात, बाजू अदलाबदल करतात. तशा पद्धतीने २०१३ साली चार महिन्यांच्या बाळांवर केलेल्या प्रयोगात आवाज आणि आकार यांचा मेळ त्यांना जाणवतो असं दिसलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका प्रयोगात पाच-सहा महिन्यांच्या बाळांत काहीच दिसलं नाही. २०१५ साली जपानमध्ये ११ महिन्यांच्या बाळांच्या डोक्याला तारा लावून पाहिलं. 'मोमा' आणि 'किपी' हे शब्द जुळत्या आकाराबरोबर ऐकवले तर मेंदूतल्या लहरी एक, न जुळत्या आकाराबरोबर ऐकवले तर वेगळ्या. म्हणजे गोष्ट आहे, पण माझ्या ताटात मावणारी नाही.

आजचे आकडे वहीतून खोडले. फाडले नाहीत.

४ ऑगस्ट

भुवयांचा प्रश्न सोडवण्यासाठी मोबाइलवर आवाज भरून घेतला आणि मी पडद्यामागे गेलो. चिमीने तुकड्यांकडे ढुंकून बघितलं नाही. मोबाइल चाटला.

सूनबाई म्हणाली, अपेक्षितच. २००३ साली पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना १२ बैठकांत चिनी भाषा ऐकवली. समोर माणूस बसून खेळत, वाचत बोललं तर बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली. तोच माणूस, तीच वाक्यं, पण पडद्यावर किंवा नुसती ध्वनिफीत, तर काही नाही. माझ्या भुवया म्हणजे दोष होता असं मी २५ जुलैला धरलं. आता वाटतं, बाळाच्या बाजूने बघितलं तर तोच माल होता.

१५ सप्टेंबर

गणपती. मूर्तीच्या दिवशी मामाकडून आलेलं पैंजण पायात, तेव्हापासून छुमछुम. ढोल-ताशांमुळे आठ दिवस घरात कोणाला कोणाचं ऐकू येत नाही. नऊ तारखेला एक वर्षाची झाल्याचा वाढदिवसही ढोलातच आटपला. 'बाबा' म्हणते, पण बापाला, मला, पोस्टमनला आणि गॅस सिलिंडरला. नियमात बसत नाही.

२ ऑक्टोबर

सर्वपित्री अमावास्या. पहिला शब्द आला.

गेला पंधरवडा गच्चीवर पान ठेवून सगळी आळी "काव, काव" करतेय. चिमी कडेवर असतेच. गेल्या शुक्रवारी कावळा कठड्यावर बसला तेव्हा म्हणाली "काउ". रविवारी खिडकीतून दिसला तेव्हा पुन्हा. आज मी तोंड मिटून, भुवया सरळ ठेवून गच्चीवर उभा राहिलो. कावळा आला. "काउ." वहीच्या तीन अटी पुऱ्या. आमचे पितर जेवले की नाही सांगता येत नाही, त्यांच्या पानामुळे नोंद मात्र झाली.

४ ऑक्टोबर

काल केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. गल्लीत पेढे. आमच्या घरात त्या भाषेचा एकूण साठा अजून एक शब्द, तोही कावळ्याचा.

वरच्या मजल्यावर संस्कृतचे निवृत्त शिक्षक राहतात. पेढा द्यायला गेलो आणि काऊची हकीकत सांगितली तर त्यांनी चष्मा लावून यास्काचं निरुक्त, म्हणजे शब्दांच्या व्युत्पत्तीचा प्राचीन संस्कृत ग्रंथ, काढलं. त्यात तिसऱ्या अध्यायात सरळ वाक्य आहे : "काक इति शब्दानुकृतिः." काक हा आवाजाच्या नकलेतून आलेला शब्द, आणि पक्ष्यांच्या नावांत हे फार दिसतं, असं यास्क म्हणतो. लगेच पुढे औपमन्यव नावाच्या दुसऱ्या आचार्याचं मत : असं नकलेचं काही नसतं. कोहलरच्या कितीतरी शतकं आधी आमच्या चहाच्या टेबलावरचाच वाद. औपमन्यव म्हणजे आमचे चिरंजीव.

औपमन्यवाची बाजू हलकी नाही, हेही गुरुजींनी बजावलं. सोस्यूर नावाच्या स्विस पंडिताचंही म्हणणं तेच, की शब्द आणि वस्तू यांचं नातं ठरवून घेतलेलं असतं. नकलेचे शब्द थोडे, आणि तेही भाषेगणिक वेगळे. खरंच आहे. कोंबडा सगळीकडे एकच, पण आपल्याकडे कुकूच कू, फ्रान्सात कोकोरिको, जपानात कोकेकोक्को, आणि इंग्रज त्याला कॉक-अ-डूडल-डू करायला लावतात. मी म्हटलं, तरी सगळ्यांत 'क' आहे ना. गुरुजी म्हणाले, "तुम्ही यास्काच्या पक्षाचे."

२७ ऑक्टोबर

दिवाळीआधी बंब उजळायला तांबट आळीत गेलो, चिमी बरोबर. चार दुकानांतून हातोड्या चालू. तिथे उभं राहिलं की बोलताच येत नाही, ठोके मोजत राहायचं. चिमी पहिल्यांदा दचकली, मग तालात हात आपटायला लागली आणि म्हणाली "तत, तत".

ठकठकचं तत का? 'ट' आणि 'ठ'ला जीभ मागे वळवून टाळूला लावावी लागते, ते जमायला वेळ लागतो. ऐकण्यात मात्र ती पक्की आहे. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात दाखवलं, की इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले त आणि ट वेगळे ऐकू येतात, वर्षाची होईपर्यंत ते हरवतं, कारण घरात कोणी तो फरक करत नाही. इंग्रज बाळाला कळतो तो फरक त्याच्या बापाला कळत नाही. चिमीचा फरक हरवणार नाही. आळीत दिवसभर ट वाजतो.

तांबट पक्ष्याचं नावही याच आवाजावरून. उन्हाळ्यात एकसुरी टुक टुक करतो, जणू झाडात कोणी तांब्याचा पत्रा ठोकतंय.

आता घरात 'तत' म्हणजे हातोडी. आणि लेथची खोली. आणि ३१ तारखेपासून मी. (३ नोव्हेंबरला भर घातली.)

२४ नोव्हेंबर

चालते. भिंत सोडून सात पावलं. सौ. म्हणते, "दुडुदुडु ये, दुडुदुडु." दुडुदुडु म्हटलं की ती पाय उचलते, "चाल" म्हटलं की बसून राहते.

यावर नेमका प्रयोग झालेला आहे. क्रियापदं शिकणं मुलांना अवघड, कारण क्रिया क्षणात निघून जाते आणि तीत चालणारा माणूसही दिसतो, चालही दिसते, शब्द कशाचा ते कळत नाही. मुत्सुमी इमाई आणि सोतारो किता यांनी २००८ साली तीन वर्षांच्या जपानी मुलांना चालीचे नवे शब्द शिकवले. काही शब्द चालीला शोभणारे, जसं जड, संथ चालीला 'नोसुनोसु', काही न शोभणारे. शोभणारे शब्द शिकलेल्या मुलांना दुसरा माणूस तसाच चालला तरी शब्द लावता आला. बाकीची गोंधळली. आणि २०११ साली तेच शब्द जपानी अजिबात न येणाऱ्या इंग्रज मुलांनाही मदतीला आले. याच दोघांनी पुढे मांडलं, की आवाजाचा हा आधार मुलाला आधी हेच कळवतो, की तोंडातून येणारा आवाज कशाला तरी *लागू* असतो. एकदा हे उमगलं की मग निराधार शब्दही घेता येतात.

मला पटलं, कारण मी हे रोज केलंय. पहिली भोकं पाडताना जिग लावतात. ड्रिल हलू नये, जागेवर बसावं. जिगचा आकार भोकापुरता, वस्तूचा नव्हे. काम बसलं की जिग काढून फळीवर. भू भू म्हणजे जिग. सूनबाईला हे सांगताना मी जरा छाती पुढे काढली होती.

ती म्हणाली, "पण बाबा, जिग काढतो कोण? तुम्ही आत्ता काय म्हणालात? 'सकाळपासून डोकं ठणकतंय.'"

खरं आहे. ठणकतं, फणफणतं, चुरचुरतं, सळसळतं, लुकलुकतं, झुळझुळीत, खरखरीत, गुळगुळीत. डॉक्टरकडे आपण दुखणं याच शब्दांत सांगतो. मरी एमेनो या अभ्यासकाने १९६९ साली लिहिलंय, की भारतातल्या वेगवेगळ्या कुळांच्या भाषांत अशा दुहेरी अनुकरणवाचक शब्दांचं पीक सारखंच आहे, शेजारामुळे आलेलं. म्हणजे आपल्याकडे जिग कामातच राहून जातं. उपमा खोडत नाही, पण बाजूला प्रश्नचिन्ह केलं.

१५ जानेवारी २०२५

काल संक्रांत, आज बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावर बोरं, चुरमुरे, गोळ्या. गल्लीतली पोरं तुटून पडली. चिमीने एक बोर हातात घेऊन म्हटलं, "बो." नोंदीसाठी दोन दिवस कमी.

साठा : काउ, तत, मंमं, भू, माउ, बुऽ (भुर्र), हा, आबा, आजी (जीजी), बाबा, पाणी (पाई), दिवा (दीऽ), पंखा (पका), नाई. १४. निम्म्याच्या आसपास आवाजाचे. २०१५ साली इंग्रजी आणि स्पॅनिशमधल्या शब्दांवर असंच दिसलं, की मुलं लवकर शिकतात ते शब्द लोकांना अधिक 'बोलके' वाटतात, नंतर शिकलेले कमी. आमची आकडेवारी एका पोरीची, तेव्हा ती त्या पंगतीत बसवत नाही.

आईला अजून 'आई' म्हणत नाही. सूनबाई दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना बोलतं करून येते आणि दारात हिच्याकडून 'हा' ऐकते, कारण येताना तिच्या हातात डबा असतो.

९ फेब्रुवारी

मंडई. सगळे शब्द बोलके का नाहीत, याचं उत्तर पालेभाजीच्या गाळ्यावर मिळालं. समजा आवाज रूपाप्रमाणे असता, तर मेथी, शेपू, पालक, चाकवत, अंबाडी या सगळ्या हिरव्या, पानाच्या, जुडीच्या. सगळ्यांची नावं एकमेकींसारखी झाली असती. गोंगाटात "एक जुडी द्या" म्हणून ओरडल्यावर काय हातात पडलं असतं? नावं मनमानी आहेत म्हणून दुरूनही वेगळी ऐकू येतात. भाषेचे अभ्यासकही हेच सांगतात, की शब्द वाढत गेले की सारखेपणा अडचणीचा होतो. सुरुवातीला १४ शब्द असताना चालतो, हजार झाले की नको.

चिमीला 'शेपू' म्हणून दाखवली. "शी," म्हणाली. माझंही मत तेच, पण घरात बोलता येत नाही.

२ मार्च

शिवणीचे तुकडे गेले काही महिने खेळण्यांच्या टोपलीत तळाशी होते. आज तिनेच काढले. मी विचारायचं नाही, भुवया हलवायच्या नाहीत, नुसतं बसायचं ठरवलं. सौ.लाही तंबी दिली.

गोल तुकडा फरशीवर उभा धरून ढकलला. "चेनू." चेंडू. हे ठीक.

मग टोकेरी तुकडा उचलला, गालावर दाबला, बाजूला केला आणि माझ्यापुढे धरून म्हणाली, "बाऊ."

टकेटे नाही, किकी नाही, क नाही, ट नाही. ओठांतून ब, मागे गोल ऊ. जगातल्या बहुतेकांनी ढगाला दिलं असतं ते नाव काट्याला. गेल्या आठवड्यात पलंगाच्या कोपऱ्यावर आपटली तेव्हा सगळं घर "बाऊ झाला, बाऊ झाला" करत होतं, कपाळ चोळत, तोंड वेडंवाकडं करत. ते सगळं शब्दाला लागून आलं.

तीनदा झालं, तिन्ही आजच. म्हणून अजून शब्द नाही. उद्या आणि परवा पाहणार. तोवर तुकडा लेथच्या खोलीत आणला आणि सातही टोकं आणखी अर्धा मिलिमीटर घासली.